मुकादम सहा मिनिटे माझ्यावर बसले त्याबद्दल

जबाब देणार: कारखान्यात 'शास्त्रीबुवा' या नावाने ओळखला जाणारा. पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. वय बावन्न वर्षे. शिक्षण संस्कृत घेऊन पदवीपर्यंत. धंदा नोकरी, पुठ्ठ्याच्या कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळणे. राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी आज वीस तारखेस, कोणी बोलावणे पाठवले नसताना, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी राहतो. कारखान्यात माझी नोकरी तेवीस वर्षांची आहे. आलेल्या पत्रांना उत्तरे देणे, नोटिसा व सूचना लिहिणे, हजेरीपुस्तके पूर्ण करून घेणे ही माझी कामे. माझ्या पत्नीला दोन भाऊ आहेत. थोरले मेहुणे स्वतःचा ट्रक चालवतात व आमच्याच कारखान्याचा पुठ्ठा बाहेर पोचवतात. ते कारखान्याचे नोकर नाहीत. धाकटा मेहुणा आमच्याकडे फिटर आहे. त्याला ही नोकरी आठ वर्षांपूर्वी मी शब्द टाकून लावून दिली. मेहुणा म्हणजे काय हे ज्याला मेहुणे आहेत त्याला सांगावे लागत नाही व ज्याला नाहीत त्याला सांगून कळत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी आपल्याला तीन आहेत असे सांगितल्याने मी पुढे जातो.

थोरल्या मेहुण्यांनी या ठाण्यात तेरा तारखेस तक्रार दिली आहे. तिच्यात म्हटले आहे की, अकरा तारखेस त्यांचा धाकटा भाऊ टाकीत बेशुद्ध पडला असताना मुकादमांनी त्याला मुद्दाम आत पडू दिले. त्याला वाचवायला धावलेल्या भावजींना, म्हणजे मला, खाली पाडून हात मोडला व ते माझ्या पाठीवर बसून राहिले. आणि हे सर्व जुन्या वैरापोटी केले. वैराचा पुरावा म्हणून त्यांनी एक पत्र जोडले आहे. त्याच तक्रारीवरून मुकादमांना आज बोलावले आहे. ते सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. मी येताना त्यांनी मला पाहिले व माझा हात आता कसा आहे असे विचारले. तक्रार आहे तशी उभी राहिली तर त्यांची नोकरी जाईल व त्यांना आत जावे लागेल, असे मला सांगण्यात आले. त्यासाठी मी आलो आहे.

तक्रारीला जोडलेले पत्र मी लिहिलेले आहे. सही माझी आहे. त्याविषयी पुढे क्रमाने सांगतो.

आमच्याकडे रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करतात व लगद्याचा पुठ्ठा. लगदा एका मोठ्या टाकीत साठवतात. टाकी निम्मी जमिनीत आहे. वर एक माणूस जाईल एवढे गोल तोंड, आत लोखंडी शिडी, व तळाशी लगदा ढवळणारी पाती. तिला सगळे 'रवी' म्हणतात. लगदा फिरता असेपर्यंत त्याच्यासारखा गरीब प्राणी नाही. दोन-तीन दिवस पडून राहिला की तो कुजतो व त्यातून वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. या वायूचे असे आहे की, तो थोडा असला तर वास येतो, पुष्कळ झाला की नाकच बधिर होते व वास येईनासा होतो. हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. कारखान्यात कोणालाच नव्हते. आमच्याकडे टाकीत उतरण्याआधी तोंडाशी वाकून हुंगण्याची रीत होती. वास आला तर चहा पिऊन यायचे, वास गेला की उतरायचे. अशी तीस वर्षे निघाली. कशी निघाली, ते आता विचारू नये.

सहा महिन्यांपूर्वी वरून हुकूम आला की सर्व कामगारांना व देखरेख करणाऱ्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे. त्यासाठीची पुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती तीन आठवडे खपून केली. तिच्यातले एक वाक्य असे: 'परिवेष्टित अवकाशात प्रवेशापूर्वी वायुपरीक्षण अनिवार्य असून तदभावी प्रवेश सर्वथा निषिद्ध समजावा.' वाक्य शुद्ध आहे व ते मी आजही मागे घेत नाही. पुस्तिका वाटली, तेव्हा प्रत्येकाने मिळाल्याची सही केली. धाकट्या मेहुण्याचीही सही आहे.

शिकवायला बाहेरून एक बाई आल्या. त्या पूर्वी मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी वरील वाक्य मोठ्याने वाचून आमच्या दोरवाल्याला, म्हणजे टाकीच्या तोंडाशी दोर व चरखी सांभाळणाऱ्या कामगाराला, काय समजले ते विचारले. तो म्हणाला, "छान आहे. लग्न कोणाचं आहे?" सर्वजण हसले. मी हसलो नाही. बाईंनी पुस्तिका मिटली व फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मीटर लावल्याशिवाय उतरायचं नाही. कोणी पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही. तो फळा अद्याप तसाच आहे. पुसण्याचा अधिकार कोणाचा यावर एकमत झालेले नाही.

त्यानंतर बाईंनी विचारले की, टाकीत आपला माणूस पडलेला दिसला तर तुमच्यापैकी कोण आत जाईल. सर्वांनी हात वर केले. मीही केला. बाई म्हणाल्या, त्यांच्या रुग्णालयात एकदा एकाच विहिरीतून काढलेले तीन भाऊ आणले होते. एक पंप दुरुस्त करायला उतरला होता, दुसरा पहिल्याला काढायला आणि तिसरा दोघांना. मग त्यांनी हात खाली करायला सांगितले. धाकटा मेहुणा माझ्या शेजारी होता. त्याने नंतर मला बाहेर सांगितले की, बाई घाबरवतात. मी त्याला सांगितले की, घाबरवणे हा अध्यापनाचा प्राचीन मार्ग आहे.

देखरेख करणाऱ्यांचा वर्ग वेगळा झाला. त्याला मुकादम होते व मी हजेरी घ्यायला होतो. त्यात बाईंनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. मुकादमाचे काम आतल्याला काढणे हे नंतरचे. त्याचे पहिले काम बाहेरच्याला बाहेर ठेवणे. बाहेर असलेले मोजायचे व आतला वर येईपर्यंत तेवढेच राहतील असे बघायचे.

मग सराव झाला. ओला लगदा भरलेली सत्तर किलोची गोणी दोराला बांधून टाकीत सोडायची, शिटी वाजवायची, आणि वरून हवेचा पंखा लावून, चरखीने ती वर काढायची. गोणीला कामगार 'पाहुणे' म्हणत. पाहुणे आले, पाहुण्यांना वर घ्या, असे चाले. एकाने धावून येणाऱ्या नातेवाइकाचे सोंग घ्यायचे होते. कामगारांना कामे असल्याने ते माझ्याकडे आले.

मुकादमांविषयी येथे सांगणे जरूर आहे. वय सेहेचाळीस. वजन एकशे चार किलो. हे त्यांनीच सरावात सांगितले. आवाज मऊ. कोणतेही वाक्य 'जरा' या शब्दावाचून सुरू होत नाही. तेवीस वर्षांत त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही व कोणी पाहिल्याचे ऐकले नाही. सरावात मी टाकीकडे धावलो, तेव्हा ते आडवे आले व म्हणाले, "शास्त्रीबुवा, जरा थांबा ना." मी त्यांच्या बगलेखालून टाकीच्या तोंडाशी गेलो. बाईंनी शिटी फुंकली व मला सांगितले की मी मेलो. मुकादमांना सांगितले की, शास्त्रीबुवांना तुम्ही मारलंत. असे सहा वेळा झाले. सहाही वेळा मी मेलो. मुकादमांचे म्हणणे, वयाने मोठ्या, ऑफिसातल्या माणसाच्या अंगाला हात कसा लावायचा. बाई म्हणाल्या की, हात लावायला लाज वाटत असेल तर खांदा द्यायची तयारी ठेवा. सातव्या वेळी मुकादमांनी मला मागून कॉलरला धरून पाडले व माझ्यावर बसले. कुठे बसायचे तेही बाईंनी त्यांना दाखवले: बरगड्यांच्या खाली, कमरेवर, म्हणजे खालच्याला श्वास घेता येतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सदऱ्याची दोन बटणे तुटली.

मला राग आला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बसून मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले. तक्रारीला जोडलेले पत्र ते हेच. त्यातील मजकूर: 'प्रशिक्षणाच्या मिषाने उक्त मुकादमांनी प्रस्तुत लिपिकाच्या ग्रीवेस धरून त्यास भूमीवर पाडले व त्याच्या देहावर ते आसनस्थ झाले. सदर बलप्रयोगास पूर्ववैमनस्याचा गंध येतो.' हवालदारांनी 'ग्रीवा' म्हणजे काय असे विचारले. ग्रीवा म्हणजे मान. पूर्ववैमनस्य म्हणजे जुने वैर. माझे व मुकादमांचे जुने, नवे किंवा कसलेही वैर नव्हते व नाही. तो शब्द मी वाक्याला तोल यावा म्हणून घातला. गंध मला आला होता असे मी लिहिले आहे खरे. नाकावर भरवसा ठेवू नये, हे बाईंनी त्याच सकाळी शिकवले होते.

व्यवस्थापकांनी पत्र वाचून माझ्या भाषेचे कौतुक केले व ते फायलीत लावले. पत्र मलाही बरे उतरले असे वाटल्याने मी त्याची एक प्रत थोरल्या मेहुण्यांना वाचायला दिली. त्यांनी ती जपून ठेवली. माझे लिखाण जपून ठेवणारा हा माझ्या माहितीतला पहिला माणूस. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

अकरा तारखेची हकीकत अशी. मोठे यंत्र दुरुस्तीला काढल्याने कारखाना तीन दिवस बंद होता. अकराला सकाळी टाकीतला लगदा गुडघ्याएवढा ठेवून उरलेला काढला. रवी अडकून सुलटी फिरेनाशी झाली होती, ती सोडवायला धाकट्या मेहुण्याला उतरायचे होते. रवीची वीज बंद करून त्याने बटणाला स्वतःचे कुलूप घातले. पट्टा अंगात घातला. पट्ट्याचा दोर तोंडावरच्या तिपाईच्या चरखीला लावला. हे तिन्ही बाईंनी शिकवल्याप्रमाणे केले. वायू मोजायचा मीटर पलीकडच्या शेडमध्ये होता. तो आणायला मुकादम स्वतः गेले व जाताना, आपण येईपर्यंत कोणी पाय घालायचा नाही, असे दोघांना सांगून गेले. शेड शंभर पावलांवर आहे. मी नंतर मोजली. एकशे चार भरली.

दोरवाल्याच्या सांगण्यावरून, मेहुणा तोंडाशी वाकला, हुंगला व म्हणाला, "वास तर गेला की." दोरवाला थांब म्हणाला. मेहुण्याने त्याला, तू काय बाईंचा जावई आहेस का, असे विचारले व तो शिडीवरून उतरला. तेव्हा दहा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. दोरवाल्याने ही वेळ तोंडाशेजारच्या पाटीवर खडूने लिहिली. तेही शिकवलेलेच. पाटी जप्त केलेली आहे.

मी दहा चाळीसला ऑफिसातून निघालो होतो. मागच्या वर्गाच्या हजेरीत मेहुण्याची सही राहिली होती, ती घ्यायची होती. पुस्तक बगलेत होते. दहा चव्वेचाळीसला दोरवाल्याने तीन वेळा शिटी वाजवली. आत कोण आहे हे मला वीस पावलांवरून समजले, कारण दोरवाला त्याला त्याच्या घरच्या नावाने हाका मारत होता. घरच्या नावाने त्याला फक्त माझी पत्नी हाक मारते. दोरवाल्याला ते नाव कसे माहीत, हे मी अद्याप विचारलेले नाही.

मी पुस्तक टाकून धावलो. टाकीच्या तोंडातून आत पाहिले. मेहुणा लगद्यात कुशीवर पडला होता. चेहरा वर होता. मी उजवा पाय तोंडात घातला व शिडीची पहिली पायरी पायाला लागली. पहिल्या श्वासाला मला वास आला. दुसऱ्या श्वासाला आला नाही. त्या क्षणी मला असे वाटले की, वायू गेला, आता भीती नाही. हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगतो. त्या पुस्तिकेचे भाषांतर मी केले आहे. फळ्यावरची ओळ मी रोज वाचतो. बाईंसमोर मी सहा वेळा मेलो आहे. तरी मला वाटले की, आता भीती नाही.

तेव्हा मुकादमांनी मला मागून कॉलरला धरून ओढले. ते मीटर घेऊन परत येत होते व शिटी ऐकून धावले होते. मी उजव्या मनगटावर पडलो. हाड तेव्हाच मोडले. ते मुकादमांनी मोडले नाही, फरशीने मोडले. मी उठू लागलो. ते माझ्यावर बसले. तक्रारीत पाठीवर म्हटले आहे. ते कमरेवर बसले, बरगड्यांच्या खाली. मला पूर्ण वेळ श्वास घेता येत होता.

बसल्या जागेवरून त्यांनी हुकूम दिले. शिटी ऐकून आलेल्या एका कामगाराने हवेचा पंखा लावून नळी आत सोडली व तिचे तोंड मेहुण्याच्या चेहऱ्याकडे केले. दोरवाला चरखी फिरवू लागला. दोर रवीच्या पात्यात अडकला. आत उतरले तर तो हाताच्या अंतरावर होता. दुसरा कामगार पुढे झाला. मुकादमांनी त्याला नावाने थांबवले व बाहेरच्या बाजूने रवीचे चाक हाताने अर्धा फेरा उलटे फिरवायला सांगितले. त्याने फिरवले. दोर सुटला. ज्यांनी हे केले त्यांपैकी कोणी आत उतरले नाही.

या वेळात मी मुकादमांना जे बोललो, ते जबाबात घेण्याजोगे नाही. त्यात एकही संस्कृत शब्द नव्हता. त्यांच्या आईविषयीही काही होते. त्या वारलेल्या आहेत. मी त्यांच्या डाव्या हाताला, अंगठ्याखाली, चावलो. रक्त आले. त्यांनी हात काढला नाही. ते म्हणत होते, "शास्त्रीबुवा, माफ करा. जरा हलू नका." इतके होऊनही माणूस अहो-जाहो सोडत नाही, याचा मला त्या वेळी फार राग आला. माझ्या मानेवर वरून पाणी पडत होते. ते घामाचे असावे असे मी धरून चाललो होतो.

दहा पन्नासला मेहुणा बाहेर आला. दोरवाल्याने तीही वेळ पाटीवर लिहिली आहे. अक्षर वाकडे आहे. बाहेर आल्यावर त्याला उघड्यावर नेऊन श्वास देण्याचे काम मुकादमांनी केले, बाईंनी दाखवले होते तसे, मोजत. गाडी येईपर्यंत ते थांबले नाहीत. गाडीत घालताना त्याची छाती आपली आपण हलत होती.

थोरले मेहुणे त्या वेळी फाटकाशी ट्रक लावत होते. शिटी ऐकून ते आले. त्यांना जे दिसले ते असे: भाऊ टाकीत, भावजी जमिनीवर, मुकादम भावजींवर, आणि टाकीत उतरायला एकही माणूस तयार नाही. त्यांनी जे पाहिले ते सगळे खरे आहे. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही हेच लिहून दिले असते, फक्त लांब. त्यांना दोघांनी धरून ठेवले, म्हणून ते आज तक्रार द्यायला आहेत.

ट्रकवाल्यांनाही प्रशिक्षणाला बोलवावे, असे बाईंनी चार महिन्यांपूर्वी सांगितले होते. बोलावण्याचे पत्र लिहिणे माझे काम. त्याचा मसुदा माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. पहिल्या परिच्छेदातील एका शब्दावर माझे समाधान होत नव्हते, म्हणून तो गेला नाही. हे मला कोणी विचारलेले नाही. मी आपणहून सांगतो.

मेहुणा नऊ दिवसांपासून रुग्णालयात आहे. पहिले चार दिवस त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवले होते. पंधरा तारखेला नळी काढली. थोरले मेहुणे, माझी पत्नी व मी तिघे खोलीत होतो. त्याने हळू आवाजात पहिली गोष्ट विचारली, "मला काढायला कोण उतरलं?" पत्नीने सांगितले, कोणी नाही. तो म्हणाला, "बरं झालं." थोरले मेहुणे पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेले. बाटली भरलेली होती. ते अर्ध्या तासाने आले.

तक्रार मागे घ्याल का, असे मी त्यांना नंतर विचारले. त्यांचे म्हणणे, लिहून दिलेले आहे, पुरावा म्हणून भावजींचेच पत्र आहे, आता मी खोटा ठरू का. माझ्या पत्नीने साक्षीदार म्हणून सही करावी असे त्यांनी तेरा तारखेलाच सुचवले होते. पत्नीने त्यांना तेव्हा जे सांगितले ते येथे देतो, कारण मला त्याहून नेमके सांगता येणार नाही. ती म्हणाली, "दादा, तो माणूस जरा उठला असता ना, तर माझं माहेर आणि सासर एकाच टाकीत गेलं असतं."

माझी मुकादमांविरुद्ध तक्रार नाही. पाच महिन्यांपूर्वीचे ते पत्र मी मागे घेत आहे. त्यातील व्याकरण सोडून काहीही खरे धरू नये. मुकादमांनी मला पाडले, धरले व माझ्यावर सहा मिनिटे बसले हे खरे आहे, व त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दोरवाल्याचाही आहे, त्याने हाका मारल्या, वेळ लिहिली व जागा सोडली नाही. पंखा लावणाऱ्याचा व चाक फिरवणाऱ्याचाही आहे. बाईंचा किती आहे ते मला मोजता येत नाही. त्यांना मी काल पत्र लिहिले. ते दोन ओळींचे आहे. इतके छोटे पत्र मी नोकरीत कधी लिहिलेले नाही.

मुकादमांना मी अजून काही बोललेलो नाही. आज बाहेर बाकावर त्यांनी हाताची चौकशी केली, तेव्हा मी बरा आहे एवढेच म्हणालो. हाताबद्दल की माझ्याबद्दल, हे त्यांनी विचारले नाही.

हा जबाब देताना माझ्यावर कोणाचा दबाव आहे का, असे हवालदारांनी विचारले. आज नाही. त्या दिवशी होता, एकशे चार किलो.

वरील सर्व मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी शब्द बदलून सोपे करून घेतले. बाकी सारे मी बोललो तसेच उतरले आहे व घडले तसेच आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताने करत आहे. ती माझ्या आधीच्या सह्यांशी जुळणार नाही, परंतु माझीच आहे. डाव्या हाताने लिहिताना कागद सरकत होता व हवालदार टेलिफोनवर होते. म्हणून त्यांच्या खुणेवरून बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुकादमांना कागद धरण्यापुरते आत घेण्यात आले. त्यांनी तो डाव्या हाताने धरला. अंगठ्याखाली दातांची खूण आहे. हवालदारांनी टेलिफोन ठेवून ती पाहिली व ती कोणाची असे विचारले. मुकादमांनी त्यावर उजवा हात ठेवला. ती माझी आहे, असे मी सांगितले व सहीच्या वर तेवढे लिहून घ्यावे अशी विनंती केली. त्यानुसार लिहिले आहे.